बोटभर वर

हे काम घेतलं तेव्हा एर्मेस ग्वाल्दीला त्यातून दोन गोष्टी मिळणार होत्या. पहिली म्हणजे नऊ हजार युरो, ते बिलात लिहिलेले होते. दुसरी कुठेच लिहिलेली नव्हती, पण तिच्यासाठी त्याने वेळ पडली असती तर नऊ हजार खिशातून घातले असते. एकावन्न वर्षांपूर्वी आपलं बरोबर होतं आणि थोरल्या भावाचं चुकलं होतं, हे त्याला आता पत्र्यात ठोकून कायमचं दाखवता येणार होतं.

गाडी होती फाल्केत्ता. बसकी, बिनछपराची, दोन सीटांची, शर्यतीसाठी केलेली. अशा सातच झाल्या आणि त्यातल्या दोन उरल्या. हिचा अ‍ॅल्युमिनियमचा सगळा पत्रा स्पिलाम्बेर्तो गावात, तारोत्सीच्या वर्कशॉपात हाताने घडवलेला. तारोत्सीकडची पद्धत अशी, की तारेचा सांगाडा उभा करायचा, मधोमध रेघ धरायची, एका कारागिराने डावी बाजू घडवायची, दुसऱ्याने उजवी. टेप लावणं कमीपणाचं. टेप शिंप्याने लावावी, पत्र्याच्या माणसाने डोळा लावावा आणि तळहात फिरवावा. लेआर्को डावखुरा, पंचविशीचा, म्हणून त्याला डावी बाजू. धाकटा एर्मेस विशीतला, त्याला उजवी. पत्रा जोडून झाल्यावर तारोत्सी गाडीपुढे उभा राहिला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "एक मडगार्ड दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आहे. कुणाचं चुकलं?"

सांगाड्याच्या तारा तोवर सोडून पुढच्या गाडीला वापरलेल्या होत्या, म्हणजे साक्षीदार उरला नव्हता. एर्मेसने तोंड उघडायच्या आत लेआर्को म्हणाला, "माझं. माझं वर गेलं."

शर्यत चार दिवसांवर होती, त्यामुळे गाडी तशीच रंगून गेली. शनिवारी तारोत्सीने लेआर्कोच्या हातात पगार ठेवला आणि सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. बोटभर चुकलेल्या माणसाला आसपासच्या चार गावांत कोण कामावर घेणार? तो जर्मनीला गेला आणि गाड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या दारांना बिजागऱ्या लावत राहिला. हातोडी परत धरली नाही. इकडे एर्मेस तारोत्सीचा उजवा हात झाला आणि म्हातारा गेल्यावर वर्कशॉपचा मालकही. गावच्या बारमध्ये पत्ते कुटताना त्याने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की लेआर्को पेन्शन घेऊन परतला तेव्हा त्याचं नवं नाव त्याची वाट पाहत बसलेलं होतं.

"ए बोटभर, टाक पत्ता."

लेआर्को हसायचा आणि पत्ता टाकायचा.

गाडीचा आत्ताचा मालक दोत्तोरे पेत्सोली, बेर्गामोचा दातांचा डॉक्टर. माणूस सज्जन, पैसा भरपूर असूनही भाव केल्याशिवाय कॉफी न पिणारा. गाडी नीट करून त्याला विकायची होती.

"माएस्त्रो, हे डावं मडगार्ड असंच राहू द्यावं का? जुना पत्रा जुनाच बरा, असं सगळे म्हणतात."

"तुमच्याकडे वाकडा दात घेऊन कोणी आलं तर जुना आहे म्हणून ठेवता?"

"दाताला नोंदणी नसते. जुन्या गाड्यांच्या नोंदणीवाल्यांनी मूळचा पत्रा बदललेला पाहिला की गाडीची किंमत निम्म्यावर येते."

"मूळचीच चूक असेल तर? आणि करणाऱ्याने ती कबूल केली असेल तर?"

पेत्सोलीने तिथूनच नोंदणीच्या कचेरीत फोन लावला, बराच वेळ मान डोलावली आणि फोन हाताने झाकून विचारलं, "करणारा जिवंत आहे का? त्याची लेखी कबुली लागेल. तो स्वतः गाडी ओळखून सही करणार असेल तर चालेल म्हणतात."

"विन्योलाच्या वृद्धाश्रमात आहे. डोळे गेलेत, बाकी ठणठणीत. जेवतो माझ्या दुप्पट."

घरी इरीदेने सूप वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. एर्मेसची बायको मोजकं बोलायची, पण बोलली की ते नेमकं लागायचं.

"त्याचं मडगार्ड कापून काय मिळणार?"

"नऊ हजार."

"ते दोत्तोरे देणार. तुला काय मिळणार?"

एर्मेसने चीज किसायला घेतलं.

कापायला एक सकाळ पुरली. कातरीने, मधून मधून करवतीने, भावाचं मडगार्ड त्याने पाच तुकड्यांत उतरवलं. कधी काळी लेआर्कोने ते कसं घडवलं असेल, हे आतून निरखण्याची त्याला गरज वाटली नाही. चुकलेल्या कामात बघायचं काय? मंगळवारी भंगारवाला आला, त्याला ते तुकडे वजनावर दिले. मग एर्मेसने स्वतःच्या उजव्या मडगार्डावर जाड कागद अंथरला, त्याचा फर्मा कापला, फर्मा उलटा केला आणि त्यावरून डावं मडगार्ड घडवायला घेतलं. पत्र्याची माणसं असंच करतात. जी बाजू चांगली असेल तिचा फर्मा काढायचा आणि पालथा घालायचा. चांगली बाजू कुठली, याबद्दल त्याला शंका असण्याचं कारण नव्हतं.

तीन आठवडे वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरी पडत राहिली. एकाहत्तराव्या वर्षी त्याने इतकं नितळ काम केलं, की रंगारी येऊन बोट फिरवून गेला आणि म्हणाला, "याला रंग द्यायला जिवावर येतं."

रंग झाला. गाडी लाकडी घोड्यांवरून उतरवून चाकांवर ठेवली. एर्मेस आत बसला, शेजारच्या दुकानातल्या दोघा दांडगटांना पुढची बाजू खाली दाबायला लावलं आणि स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं. चाक नव्या मडगार्डाला घासलं. उजवीकडे फिरवलं, तर उजवं चाक मोकळं फिरलं.

हे होणं शक्य नव्हतं. दोन्ही बाजू आता आरशातल्यासारख्या एक होत्या. उजवीकडे घासत नसेल तर डावीकडेही घासायला नको. त्याने दांडगटांना घालवून दिलं, हातदिवा घेतला आणि उजव्या मडगार्डाखाली पाठीवर सरकला. आपल्या हातच्या त्या मडगार्डाखाली तो एकावन्न वर्षांत पहिल्यांदाच शिरत होता.

आतली कड मूळच्या जागेवर नव्हती. बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही अशा बेताने ती आतून हलक्या हातोडीने बाहेर ढकललेली होती, चाकाला वाट मिळावी म्हणून. हातोडीचे बारीक घाव ओळीने, एकाशेजारी एक, आणि सगळे उजवीकडे कललेले. उजव्या हाताच्या माणसाचे घाव डावीकडे कलतात. तारोत्सीच्या वर्कशॉपात डावखुरा एकच होता.

एर्मेस तिथेच पडून राहिला. हिशोब पत्र्यावरच मांडलेला होता, नुसता वाचायचा होता. उजवं मडगार्ड बोटभर खाली आलं होतं. चुकला होता तो स्वतः. तशीच गाडी शर्यतीत गेली असती, तर पहिल्याच वळणावर चाक घासून टायर फुटला असता आणि तारोत्सीने विचारायचं कारणच उरलं नसतं. लेआर्कोने आधी तोंडाने चूक आपल्यावर घेतली आणि मग, बहुधा जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना धाकट्याची बाजू आतून निस्तरली. आणि शनिवारी पगार घेऊन निघून गेला.

भंगाराच्या गोदामात एर्मेस हात पुसतच पोचला.

"पाच तुकडे? लाल रंगाचे?" भंगारवाल्याने वही न उघडताच सांगितलं. "शुक्रवारी भट्टीत गेले. अ‍ॅल्युमिनियम माझ्याकडे मुक्काम करत नाही, एर्मेस. का, वजनात काही कमी धरलं का मी?"

"नाही. वजन बरोबर होतं."

इरीदेला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"तेव्हा आपला सिल्वानो माझ्या पोटात होता. चौथा महिना. तुझी नोकरी गेली असती तर माझ्या बापाने तुला दारात उभं केलं नसतं. आणि लग्नातले बूट तुला कुणी घेऊन दिले होते?"

"त्याने."

"मग?"

"तुला माहीत होतं?"

"मला पत्र्यातलं काय कळतं? पण मी त्याला कधी बोटभर म्हटलं नाही."

एर्मेसने ठरवलं. रविवारी पेत्सोली गाडी ट्रेलरवर घालून विन्योलाला नेणार होता, लेआर्कोने ती हाताने ओळखावी आणि सही करावी म्हणून. तिथेच सगळ्यांदेखत सांगायचं. त्याने याचाही खर्च काढला. खरं कळलं की गाडीची निम्मी किंमत गेली, पेत्सोली कोर्टात जाणार, वर्कशॉप विकावं लागलं तरी भरपाई पुरी होणार नाही, आणि पन्नास वर्षं जो बारमध्ये भावावर हसला त्याला आता बारमध्ये जाता येणार नाही. आकडा मोठा होता. तरी त्याने तो मान्य केला. डावं मडगार्ड तेवढं उजव्यासारखंच आतून वाट देऊन नीट केलं. त्याचे घाव दुसरीकडे कललेले आले.

रविवारी वृद्धाश्रमाच्या अंगणात चेरीच्या झाडाखाली गाडी उतरवली. लेआर्कोला लोकरी टोपी घालून, हाताला धरून आणलं.

"कोण कोण आलंय?" त्याने विचारलं. "इरीदे आली असेल तर काहीतरी खायला आणलं असेल."

"आणलंय," इरीदे म्हणाली. "आधी काम."

"बघ, या घराण्यात काम आधी आणि खाणं मग. म्हणून आम्ही वाढलो नाही."

त्याने डावा तळहात गाडीच्या नाकावर ठेवला आणि सावकाश मागे नेला, जणू झोपलेल्या जनावराला थोपटतोय. डाव्या मडगार्डावर हात थांबला. पुढे गेला, परत मागे आला. एर्मेसने पाहिलं, भावाचा चेहरा तसाच होता, फक्त टोपीखालच्या भुवया किंचित वर गेल्या. मग लेआर्को गाडीला वळसा घालून उजवीकडे आला. मडगार्डाच्या कडेखाली चार बोटं घातली आणि आत काही तरी चाचपलं. हसला.

"ही तीच आहे," तो म्हणाला.

पेत्सोलीने कागद पुढे केला. "सिन्योर ग्वाल्दी, मूळचं डावं मडगार्ड तुम्ही केलं होतं, बरोबर? आणि ते..."

"दोत्तोरे," एर्मेस मध्येच म्हणाला, "त्याबद्दल मला एक सांगायचंय. त्या वेळी जे झालं..."

"याला बोलू देऊ नका," लेआर्को म्हणाला. "हा सुरू झाला की तारोत्सीच्या आजोबापासून सुरू होतो, आणि माझं जेवण थंड होतं. लिहा तुम्ही. डावं माझं होतं. बोटभर वर गेलं होतं. चूक माझी. यानं आता नीट केलंय, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलंय. बास झालं ना? सही कुठे करायची?"

पेत्सोलीने लिहिलं. सगळे एर्मेसकडे बघत होते, कारण आंधळ्या माणसाला सहीची जागा कोणीतरी दाखवायला हवी होती. एर्मेसच्या तोंडात वाक्य तयार होतं. लेआर्कोने हात पुढे केला आणि वाट पाहत राहिला. एर्मेसने त्याचं बोट धरलं आणि रेघेवर नेऊन ठेवलं.

पेत्सोली गाडी चढवायला गेला. इरीदेने फडक्यात बांधलेलं चीज उलगडलं आणि सुरी शोधायला म्हणून आत निघून गेली.

"आतली कड मी पाहिली," एर्मेस म्हणाला. "उजवीकडची."

"मग काय? तुला वाटलं होतं चाक आपोआप फिरायला लागलं?"

"मला सांगायचं होतंस."

"कधी? तू बोलायचा थांबलास कधी?" हे तो चिडून म्हणाला नाही. मग लेआर्को त्याच्याकडे वळला. "मला एक सांग. माझं कापलंस तेव्हा आतून बघितलंस ना? पुढच्या दिव्यापाशी मी पत्रा दुमडला होता, वेल्डिंग न करता. तारोत्सीला नाही दाखवला, तुला दाखवायचा होता. जर्मनीत बिजागऱ्या लावताना कित्येकदा मनात तोच दुमडायचो. कसा टिकला होता?"

एर्मेसला ती दुमड माहीत नव्हती. करवत कदाचित बरोबर तिच्यावरूनच गेली होती.

"सुरेख," तो म्हणाला. "जसाच्या तसा."

"फट पडली नव्हती?"

"केसाइतकीही नाही."

लेआर्कोने समाधानाने मान हलवली आणि इरीदेला चीज आणायला हाक मारली.

तो नोव्हेंबरात गेला. फाल्केत्ता त्याआधीच एका स्विस माणसाने घेतली. नोंदणीच्या फाइलमध्ये कागद लागला: डावं मडगार्ड, मूळ दोष लेआर्को ग्वाल्दी, दुरुस्ती माएस्त्रो एर्मेस ग्वाल्दी. पेत्सोलीला तिची पूर्ण किंमत मिळाली आणि एर्मेसचे नऊ हजार त्याने भाव न करता दिले. एर्मेसने पेत्सोलीला पुढे दोनदा पत्र लिहायला घेतलं. दोन्ही वेळा त्याने भावाच्या सहीपर्यंत मजकूर आणला आणि सही खोटी ठरवायला त्याचा हात धजला नाही. बारमध्ये जाणं त्याने सोडलं. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखाने.

कोणाचं काही बुडालं नाही, असं हिशोबावरून दिसतं. पहिल्या वेळी लेआर्कोने आपली तारोत्सीकडची नोकरी भरली आणि दुसऱ्या वेळी आपलं उरलेलं चांगलं नावही त्यानेच भरलं. पावती दोन्ही वेळा एर्मेसच्या नावावर फाटली.