अकरा फ्रेम

"दीदी, तुमची मशीन लेट आहे." रुचि धापा टाकत नाचाच्या मशीनवरून खाली उतरली.

"मशीन कायले लेट राहील? तुझेच पाय घाई करून राहिले," दुर्गेश्वरी म्हणाली आणि पाटी पुसायला वाकली. पाटीवर धूळ नव्हतीच.

गोंदियाच्या त्या गेम झोनमध्ये नाचाची मशीन एकच. समोर पडदा, त्याखाली छातीत घुमणारे वूफर, पायाखाली चार दिशांच्या चार पाट्या. गाणे सुरू झाले की पडद्यावर बाण वर चढत. बाण रेषेला भिडला की त्याच क्षणी त्या दिशेच्या पाटीवर पाय पडायला हवा. पाट्यांच्या कडांखालच्या सेन्सरच्या पट्ट्या सैल पडल्या की दुर्गेश्वरी जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे कातरून खाली सरकवी. आयटीआय करून नवेगाव बांधहून ती इथे आली, त्याला आठ वर्षे झाली होती. रोज शटर उघडण्याआधी चाचणी म्हणून ती एक गाणे खेळे, एकटीच. सर्वाधिक गुणांच्या यादीत सहा वर्षे पहिल्या ओळीवर एकच नाव होते: डी, यू, आर. ते कोणाचे, हे मालकालाही ठाऊक नव्हते.

रुचि नागपूरला शिकायला होती, सुटीत घरी आलेली. ती मशीनवर चढली की एअर हॉकी खेळणारी मुलेसुद्धा खेळ सोडून येत. तोल सांभाळायला असलेला पाठीमागचा दांडा ती धरत नसे. तिचे पांढरे बूट पाटीवर पडत तेव्हा आवाजही होत नसे. दुर्गेश्वरीला तिकडे बघू नये असे वाटे, आणि नजर तिथेच जाई.

"क्या पाँव हैं लड़की के!" मालक इंद्रकुमार म्हणाले. "दुर्गा, ऐसा देखा कभी?"

"मले मशीन पाहायले ठेवलं तुमी, पाय पाहायले नाही."

ते हसले. रविवारी त्यांनी स्पर्धा ठेवली होती. जो डी-यू-आरला मागे टाकेल, त्याचा मोठा फोटो दाराशी लागणार होता. रुचि रोज सरावाला येई आणि रोज थोडक्यात हरे. तिच्या पावलागणिक पडद्यावर 'लवकर' असे उमटे. ते उमटले की दुर्गेश्वरीला आत कुठेतरी गार वाटे.

पण 'मशीन लेट आहे' हे तिच्या डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळी तिने स्पीकरच्या तारांना एक छोटा दिवा जोडला. ठोका पडला की तो चमके. स्टुलावर मोबाइल ठेवून दिवा आणि पडदा एकाच चौकटीत धरले, आणि सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेमच्या संथ गतीत चित्रण केले. मग एकेक फ्रेम मोजली. दिवा चमकल्यावर अकरा फ्रेमनी बाण रेषेला भिडत होता. तिने दहा ठोके मोजले. एकदा दहा, एकदा बारा, बाकी सगळे अकरा.

सेकंदाचा बाविसावा भाग. तिला आठवले. सहा वर्षांपूर्वी काचेच्या नळीचा जुना पडदा जळाला, तिने नवा चपटा पडदा बसवला. बाण आणि गाणे जुळवायला ती स्वतःच खेळत गेली आणि प्रत्येक पाऊल 'अचूक' ठरेपर्यंत मशीनमधला वेळेचा आकडा सरकवत राहिली. मोजमापाची पट्टी म्हणून तिने आपलाच पाय घेतला होता. तो पाय तालाच्या मागे पडतो, हे तिला कोण सांगणार? तेव्हापासून गोंदियाची सगळी मुले तेवढे थांबून नाचायला शिकली होती.

"क्या हुआ? कल के लिए ठीक है न?" इंद्रकुमार काउंटरवरून म्हणाले.

"हो. ठीकच आहे."

मशीनचे मागचे दार तिने लावून घेतले. एकाच दिवसाचा तर प्रश्न होता. सोमवारी दुरुस्त केले असते तरी कोणाला काय कळणार होते! ती शीतपेयांच्या फ्रिजपर्यंत गेली, तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली, दार उघडले आणि आकडा बदलला. नंतर आपले नेहमीचे गाणे लावले. उशीर. उशीर. उशीर. गाणे संपेपर्यंत पडद्याने तिला दुसरे काही म्हटलेच नाही.

रविवारी नेहमीची मुले अडखळली.

"दीदी, मशीन बिघडली का जी?" ओमेश नावाचा पोरगा कुरकुरला.

"सुधरली," ती म्हणाली.

शेवटी रुचि चढली. गाणे सरले तेव्हा तिचे गुण पहिल्या ओळीच्या वर गेले होते. मैत्रिणींनी आरडाओरडा करत तिला खाली ओढले, मिठ्या मारल्या, दाराशी फोटो काढायला नेले. पडद्यावर मशीन नावाची तीन अक्षरे मागत होती. वीस सेकंद. वेळ सरला तर ओळ कोरी राहते, हे रुचिला ठाऊक नव्हते.

दुर्गेश्वरीने बारापर्यंत आकडे उतरताना पाहिले. मग चपला काढल्या आणि अनवाणीच पाटीवर चढली. तिला तिथे उभी पाहून ओमेशने शिट्टी मारली. डाव्या-उजव्या पाटीने अक्षर एकेक सरके, मागच्या पाटीने पक्के होई. एपासून सरळ गेले तर आर फार लांब. उलटीकडून, झेडवरून, नऊच पावले. ती भरभर डावीकडे नऊ चालली. आर. उजवीकडे तीन. यू. पुन्हा उजवीकडे आठ.

तीन, दोन.

तिने मागच्या पाटीवर टाच टेकवली. सी.

सगळी यादी एक ओळ खाली सरकली.