आक्काच्या कडेवर

ऑपरेशननंतर माझं जे वजन उतरलं ते आक्काकडे राहायला गेलं. मी त्याला हाकललं नव्हतं, आणि थांब असंही म्हटलं नव्हतं. पहिल्या महिन्याचं दहा-बारा किलो वजन एका सकाळी आक्काच्या उंबऱ्याशी येऊन उभं राहिलं आणि दूधवाल्याच्या मागून घरात शिरलं.

आक्का ही माझी थोरली बहीण. आमची घरं कराडात एकाच गल्लीत. ती ब्लाऊज शिवते, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. तिनं मशीनवरचा पाय काढला, त्याला उचलून कडेवर घेतलं आणि मला फोन केला.

"वैजू, तुझं वजन आलंय इथं."

"मग?"

"मग काय! उपाशी होतं. दहीभात कालवून घातला."

"दिसतंय कसं?"

"कसं दिसणार? तुझ्यासारखं."

संध्याकाळी जाऊन पाहिलं. दीड-दोन वर्षांच्या मुलाएवढं होतं. हनुवटीखाली दुसरी हनुवटी, मानेला काळी वळी, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी. अंगाला माझ्याच पावडरचा वास. मला बघून ते हसलं. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि आक्काला म्हटलं, "राहू दे थोडे दिवस. माझ्या पोटात ताकाची निवळ ठरत नाही, याला मी काय घालू? आणि माझ्याकडे येऊ देऊ नकोस."

"बरं," आक्का म्हणाली.

आक्का आजवर मला कशालाच नाही म्हणालेली नाही. आई खानावळ चालवायची, तिला उसंत नसायची, म्हणून मी आक्काच्या कडेवर वाढले. शाळेत जायला लागले तरी उतरायची नाही. चांगली जाडजूड होते. गल्लीतली पोरं मला गुळाचा गणपती म्हणायची, आणि आक्का मला कडेवर ठेवूनच त्यांच्या मागे धावायची. तेव्हापासून तिची एक बाजू कललेली आहे. स्वतःचा परकर शिवताना ती डाव्या अंगाला बोटभर कापड जास्त घेते. डॉक्टरांनी माझं जठर कापून, शिवून केळ्याएवढं केलं तेव्हा तिनं त्यांना एकच प्रश्न विचारला होता. "आत मार्जिन ठेवलंय ना, डॉक्टर?"

मी उतरत गेले तसं ते वाढत गेलं. दिवाळीला ते बालवाडीतल्या मुलाएवढं होतं, संक्रांतीला तिसरीतल्या. आक्का त्याला खाली ठेवत नसे. खाली ठेवलं की ते माझ्या घराच्या दिशेनं चालू लागायचं, आणि मी तर सांगून ठेवलं होतं. म्हणून ती त्याला कडेवर घेऊनच भाकऱ्या थापायची, गिऱ्हाइकांची मापं घ्यायची, एका हातानं टिपा उसवायची. माझे जुने ब्लाऊज तिनं लहान करून त्याला घातले.

"वैजू," दाजी म्हणाले, म्हणजे आक्काचे यजमान, "तुझं पार्सल आमच्या पलंगावर झोपतंय. आम्ही दोघं खाली."

"थोडे दिवस, दाजी."

"नाही, तक्रार नाही. घोरतं मात्र तुझ्यासारखंच."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. बाजारात बायका थांबवून म्हणायच्या, "अगं बाई, ओळखलंच नाही!" पायावर पाय टाकून बसता येऊ लागलं. पण बाकांमधून जाताना मी अजून आडवी होऊन जायची. खुर्चीत बसण्याआधी तिचे पाय हातानं चाचपायची. आंघोळीनंतर हात सवयीनं पोटाकडे जायचा आणि तिथे कुणीच नसायचं. त्याला मी आयुष्यभर काय काय बोलले होते! ढब्बू म्हटलं, मढं म्हटलं, आरशासमोर उभी राहून चिमटे काढले. ते कधी माझ्यावर रुसलं नाही, हेच मला सोसत नव्हतं.

एका रविवारी मी आक्काकडे जेवायला गेले. माझ्या वाटीत चार चमचे मऊ भात. ते आक्काच्या मांडीवर बसून आमटी-भाकरी ओरपत होतं. मधेच थांबलं आणि पहिल्यांदा बोललं.

"आई चुलीवरनं पातेलं उतरवून मग गूळ टाकायची. खडा विरघळेपर्यंत झाकण काढू द्यायची नाही."

आक्काचा घास हातातच राहिला. "बरोबर," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

मी आईच्या आमटीची चव आठवून पाहिली. काहीच आठवेना. आई गेली त्या वर्षी मी नुसती खात होते, दिवसरात्र, तिच्या हातची चव कुठे सापडते का म्हणून. ती सापडली का, तेही आठवेना.

"मला कसं आठवत नाही गं?" मी म्हटलं.

"तुला कसं आठवेल? ते सगळं याच्यात गेलं."

मी तेव्हाच त्याला जवळ घ्यायला हवं होतं. ते मांडीवरून माझ्याकडे झुकलंही होतं. मी ताट उचलून घासायला नेलं.

मग शाळेतला प्रकार झाला. मी गोळ्यांची डबी घरी विसरले होते, ती द्यायला आक्का आली. तोवर ते सातवीतल्या पोरीएवढं झालं होतं. आक्का कमरेत वाकून, एक हात भिंतीला लावत, त्याला कडेवर घेऊन जिना चढली. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बसल्या होत्या. नव्यानं आलेल्या शिंत्रे बाई म्हणाल्या, "अय्या! एवढं मोठं आणि कडेवर? कुणाचं हो?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या.

"शेजाऱ्यांचं," मी म्हटलं.

त्यानं हात लांब करून डबी मला दिली. मी ती घेतली. आक्का म्हणाली, "चल गं वैजू," आणि मी उठले, पण ती त्याला म्हणत होती. मला तिनं दारातून सांगितलं, "वैजयंती, जेवणानंतर दोन घे, आधी नको."

त्या दिवसापासून मी वैजयंती झाले. आणि त्या दिवसापासून खुर्चीची गादी माझ्याखाली दबेना. ओल्या फरशीवर माझं पाऊल उमटेना. मी वर्गात अक्षांश-रेखांश शिकवत असताना मॉनिटर उठली, दाराकडे बघत म्हणाली, "बाई आज आल्या नाहीत वाटतं," आणि मुली वह्या मिटून बोलत बसल्या. मी तास पुरा केला. एकदा रिक्षात आक्काशेजारी बसायला गेले तर रिक्षावाल्यानं "दोघीच ना?" म्हणून गाडी सोडली. मी मागून चालत गेले. तक्रार कुणाकडे करणार? करावं तसं भरावं.

आक्काच्या घरी पोचले तर ती भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. ते तिच्या कडेला तसंच चिकटलेलं.

"वैजयंती, तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी देवीला नवस बोलले होते. माझी बहीण टेबलावरून उठू दे, तिच्या वजनाएवढा गूळ वाटेन. वर्ष होत आलं. तुळा करून टाकू."

"करू की."

"आणि तुळा झाली की याला तू घ्यायचं. पारड्यातून उतरशील ती याला कडेवर घेऊनच. माझ्यानं आता होत नाही गं."

होत नाही हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"घेते," मी म्हटलं.

"देवीशपथ?"

"देवीशपथ."

त्यानं ऐकलं. टाळ्या वाजवल्या.

देवी आमच्या आजोळच्या गावाची, टेकडीवर. देवळासमोर आडव्या तुळईला तराजू टांगलेला, साखळ्यांना माणूस बसेल एवढी लाकडी पारडी. दाजींनी गुळाच्या ढेपा टेम्पोतून आणून रचल्या. मुंग्या आमच्या आधीच आल्या होत्या. गुरवानं हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाला, "बसा, ताई."

मी बसले. समोरचं पारडं रिकामं होतं. तराजू हलला नाही. दांडी सरळच्या सरळ राहिली.

गुरवानं वाकून माझ्याकडे पाहिलं, मग दांडीकडे. "ह्यात कोण बसलंय का?"

"माझी बहीण बसलीय," आक्का म्हणाली.

"भार लागत नाही."

"दांडी जरा हलवली की लागेल," दाजी म्हणाले.

"देवी आजचा भार धरत नाही. ज्या दिवशी बोललात त्या दिवसाचा धरते. त्या दिवशी जेवढी होती तेवढी बसवा."

आक्का पारड्याजवळ आली. कमरेत वाकली, कळवळली, आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्या अंगाला लागलं. पारडं धाडकन जमिनीवर टेकलं. ते ऊन-ऊन होतं आणि गच्च होतं, आणि त्याला आईच्या चुलीचा वास येत होता. माझ्या मांड्यांना बसल्याचं कळलं, पाठीला पाठ असल्याचं कळलं. मला रडू फुटलं. त्यानं माझ्याच पदरानं माझं नाक पुसलं.

गुरव नि दाजी ढेपा चढवू लागले. एक चढली की आम्ही चार बोटं वर जायचो. शेवटची ढेप ठेवली आणि दांडी सरळ झाली. आम्ही दोघी जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोंबत राहिलो. गुरवानं घंटा वाजवली. ढेपेचा एक खडा फोडून त्यानं प्रसाद म्हणून पुढे केला. ऑपरेशनपासून मला गोडाच्या घासाला दरदरून घाम फुटतो. वजनानं माझा वाटाही खाल्ला.

"आता उतरा," गुरव म्हणाला. "पण त्याला घेऊनच उतरा, ताई. ते एकटं उतरलं तर तुम्ही वर जाल."

"वर म्हणजे?"

गुरवानं वर बघितलं. तुळईच्या पलीकडे नुसतं आभाळ होतं.

मी त्याच्या काखेत हात घातले. देवीशपथ घातले. उचलायला गेले तर ते जागचं हललं नाही; मी आयुष्यात कुणाला उचललेलं नव्हतं. "जमतंय," मी म्हटलं. जमत नव्हतं. ते अंग सैल सोडून, होईल तेवढं हलकं व्हायचा प्रयत्न करत होतं. पारडं झुललं, साखळी कुरकुरली, ढेपांचं पारडं खाली गेलं आणि आम्ही वर.

"राहू दे," आक्का म्हणाली. तिनं डोळे पुसले, पदर खोचला, कललेली बाजू पुढे केली आणि दोन्ही हात पसरले. "एकदाच उचलेन. शेवटचं. वैजू, ये."

त्यानं हात वर केले. मीही केले.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, आणि आपले खाली घेतले.