मुळ्याच्या अंगातलं विष

"बघा, बघा! यकृतातलं विष कसं भळाभळा बाहेर पडतंय!"

तेबेक या जुन्या खाणगावातल्या बंद पडलेल्या चित्रपटगृहात साठ-सत्तर म्हातारी माणसं टबांत पाय बुडवून बसली होती. गुडघ्यांवरून टबावर जाड टॉवेल पांघरलेले. टबात सोडलेल्या यंत्रातून बुडबुडे येत आणि वीस मिनिटांत स्वच्छ पाणी पिवळं, मग विटकरी, मग काळपट होई. की टाळ्यांचा कडकडाट!

या उपचार केंद्राचा संचालक मेंग टबाटबापाशी गुडघे टेकत होता. "आई, हा विटकरी रंग सांध्यांचा. हा फेस किडनीचा. आणि हे काळं? हे तीस वर्षांचं दुःख!"

चौऱ्याहत्तर वर्षांची ओक्रे हे सगळं डोळे बारीक करून पाहत होती. खाण चालू असताना ती तिथल्या दिवाघरात कामगारांच्या टोपीवरचे दिवे चार्ज करायची. आता गुडघे गेलेले आणि रक्तदाबाची गोळी अर्धी करून पुरवायची वेळ. खरं सांगायचं तर ती इथे येणाऱ्या प्रत्येकाला वाटल्या जाणाऱ्या फुकटच्या अंड्यांसाठी आली होती.

शेजारच्या बुनीला तिने कोपराने ढोसलं. "काय गं, माझे गुडघे दुखतात, तुला साखर, त्या पांगला दमा. मग सगळ्यांचं विष एकाच रंगाचं कसं?"

"ताई, तुझा स्वभावच संशयी."

"आहेच. आणि पाण्यात तो चमचाभर काय टाकतो?"

"समुद्राचं खनिज."

ओक्रेने बोट बुडवून चाखलं होतं. साधं मीठ! यंत्रातल्या कांड्याही तिने पाहिल्या होत्या. सोमवारी नव्या, जाडजूड, शुक्रवारी कुरतडल्यासारख्या.

बुनीने पाय पुसायला बाहेर काढला आणि ओक्रे खाली वाकली. करंगळी काळीनिळी पडली होती. वासही येत होता.

"हे कधीपासून? गोळ्या घेतेस ना?"

"बंद केल्या." बुनीने पटकन टॉवेल ओढला. "गोळ्याच विष आहेत म्हणतो तो. त्याच पैशांत घरी यंत्र घेणार आहे. आणि काळं पडलं म्हणजे विष बाहेर यायला लागलं."

दुसऱ्या दिवशी ओक्रे पिशवीत दोन पांढरेशुभ्र मुळे घेऊन आली. पाय टबामागे घेतले, मुळे पाण्यात सोडले, वरून टॉवेल. वीस मिनिटांनी मेंग आला आणि टॉवेलाची कड उचलून ओरडला, "अरे देवा! या आईंचं यकृत बघा! आणखी महिना उशीर झाला असता तर..."

"तर लोणचं घातलं असतं," ओक्रे म्हणाली आणि दोन्ही मुळे शेंडीला धरून वर काढले.

सभागृह खदखदून हसलं. मेंग क्षणभर गडबडला, पण लगेच सावरला. "मुळ्यातही खताचं विष असतंच की, आई!"

काही माना डोलल्यासुद्धा. "गप बस गं, आमचा उपचार बिघडवू नकोस!" मागून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा दम्याचा पांग धापा टाकत उठला. जन्मभर त्याने कोळसा खणला होता. त्याने टबात ताजं पाणी भरलं, मीठ टाकलं, यंत्र सोडलं. "आता यात काहीच नाही. पाय नाही, मुळा नाही. बघू या."

मेंग बटणाकडे धावला, तर चार म्हाताऱ्यांच्या काठ्या आडव्या आल्या.

रिकाम्या टबातलं पाणी सगळ्यांदेखत पिवळं झालं. मग विटकरी. मग काळपट. कोणी टाळी वाजवली नाही.

"हा गंज आहे," ओक्रे म्हणाली. "खाऱ्या पाण्यात लोखंडाच्या कांड्या घालून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि पाण्यात उतरतं. दिवाघरात खारं पाणी सांडलं की आमच्या जोडण्यांवर हाच रंग चढायचा. विष तुमच्या अंगातलं नाही. रंग यंत्रातला आहे."

बुनीला तिने तिथूनच दवाखान्यात नेलं. करंगळी काढावी लागली, पाय वाचला.

"कळत नव्हतं असं नाही गं, ताई," खाटेवर पडल्या पडल्या बुनी म्हणाली. "पण माझे पाय हातात घेऊन मला आई म्हणणारं दुसरं होतं कोण?"

कोमट पाण्याचं भांडं आणून ओक्रे बुनीचा धड पाय पुसत बसली.

मेंगसारखे लोक रोगाआधी माणसाचं एकटेपण हेरतात. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करा, त्यांच्या गोळ्या बंद पडू देऊ नका. आणि म्हाताऱ्यांनो, चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एकदा म्हणा: आता हेच माझ्याशिवाय करून दाखव.