सेआकाच्या वाट्याची जागा

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात अगाफिया नर्स होती, पण गेली सहा वर्षं तिच्या हातात सुईपेक्षा पेनच जास्त असायचं. कुठल्या गावात किती म्हातारे उरलेत, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, आणि त्यांच्याकडे रोज डोकावायला गावातलीच कोण बाई शिकवून तयार करायची, याची वर्षाची आखणी तीच करायची. तरणीताठी माणसं इटलीला, जर्मनीला निघून गेली होती. गावांत म्हातारे राहिले होते आणि त्यांची कुत्री.

त्या सप्टेंबरात प्रशिक्षणाच्या पाच जागा आल्या. सेआका गावाच्या वाट्याला एक, आणि नावं मात्र दोन.

एक टेक्लाचं. चव्वेचाळीस वर्षांची, आठवी शिकलेली. नवरा मॉस्कोला बांधकामावर गेला तो परत फिरकलाच नाही. डुकरं पाळून पोट भरायची. कुणी न सांगता सहा-सात म्हाताऱ्यांच्या शेगड्या पेटवून द्यायची, गोळ्या पुढ्यात ठेवायची, पडलेल्याला उचलून बसवायची. दुसरं नाव स्नेझानाचं. तेवीस वर्षांची, चुणचुणीत, बारावी झालेली.

अर्जावर अट छापली होती: किमान बारावी. सूट मागता यायची, पण त्यासाठी पत्र लिहावं लागे. मागे एकदा अगाफियानं लिहिलं होतं, तेव्हा केंद्राचे प्रमुख डॉक्टर बुर्लाकू चारचौघांत म्हणाले होते, "ताई, उद्या इथं मुळाक्षरांचे वर्गही काढू या." ते तिला फार लागलं होतं. या वेळी तिनं सरळ स्नेझानाचं नाव लिहिलं.

आठवड्यानं टेक्ला केंद्रात आली. फडक्यात बांधलेलं मेंढीचं चीज तिनं टेबलावर ठेवलं.

"वसंतात दुसरी तुकडी आहे, टेक्ला. तेव्हा तुझं नाव नक्की."

"ताई, हा तिसरा वसंत." टेक्ला हसली. "मी डुकरांनासुद्धा एवढं ताटकळत ठेवत नाही."

"नियम काही मी केलेला नाही."

"नियम तुमचा नाही, कबूल. यादी तर तुमची आहे ना?"

चीज अगाफियानं ठेवून घेतलं.

स्नेझाना परीक्षेत पहिली आली. दोन महिने तिनं काम केलं, तेही चांगलं केलं. मग प्रमाणपत्राचं इटालियन भाषांतर करून घेतलं आणि डिसेंबरात इटलीत पार्माला गेली, एका म्हातारीची देखभाल करायला. जाताना कामाची पिशवी टेक्लाच्या फाटकाला अडकवून गेली. पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, साखर मोजायचं यंत्र आणि एक वही.

खरं तर अगाफियानं पिशवी परत मागवायला हवी होती. पण कपाटात धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, असं तिला वाटलं. फोनवर ती म्हणाली, "मोजत जा आणि वहीत लिहीत जा. बाकी काही करू नकोस."

टेक्ला दर आठवड्याला फोन करून आकडे सांगायची. शेवटी न चुकता विचारायची, "आणि वसंताचं काय झालं, ताई?" पुढे पुढे तिचं नाव फोनवर दिसलं की अगाफियाच्या कपाळाला आठी पडायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी वसंतातल्या तुकडीची बैठक चालली होती. फोन थरथरला. टेक्ला. अगाफियानं तो पालथा घातला. पुन्हा थरथरला, आणि तिसऱ्यांदाही.

"कोण आहे एवढं?" बुर्लाकूंनी विचारलं.

"सेआकाची. जागेसाठी जीव खातेय नुसता."

बैठक संपल्यावर, तासाभरानं तिनं फोन लावला.

"आता राहू दे, ताई," टेक्ला म्हणाली. "आजोबा गेले."

म्हातारा त्रोफिम एकटा राहायचा, मुलगी इटलीत, बोलोन्याला. टेक्ला सकाळी गेली तेव्हा तो घामानं थबथबला होता, थरथरत होता, भलतंच बरळत होता. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. मामालिगा, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, भांड्यात तशीच वाळून गेली होती. साखरेच्या यंत्रानं दोन पूर्णांक तीन दाखवलं. टेक्लानं त्याचे आकडे नेहमी अकरा, बारा असे पाहिलेले. तिला वाटलं, थंडीनं यंत्र बिघडलं. म्हातारा इन्सुलिनच्या पेनाकडे हात करत होता. साखरेचा आजार, सकाळची सुई राहिलेली, म्हणून हे असं झालं, असा तिनं अर्थ लावला. अगाफियाला तीनदा फोन केला. रुग्णवाहिकेलाही केला, पण ती बर्फात अडकून दोन तासांनी पोचली. तोवर तिनं रोजची मात्रा टोचली होती.

दुसऱ्या दिवशी बुर्लाकूंनी अगाफियाला खोलीत बोलावलं. "अहवालात अनधिकृत व्यक्तीनं इंजेक्शन दिलं, एवढंच लिहा. पिशवी तिच्याकडे कशी गेली ते लिहू नका. फोनचं तर मुळीच नको."

"पण फोन आला होता."

"ते तुम्हाला माहीत आहे. कागदाला कशाला सांगता?"

अगाफिया दोन दिवस कागद समोर घेऊन बसली. मग तिनं सगळं लिहिलं: सूट मागायचं पत्र लिहिलं नाही ते, पिशवी परत मागवली नाही ते, तीन वेळा वाजलेला फोनही. त्यातून कुणाचं भलं झालं असं नाही. आखणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं. सेआकाची वसंतातली जागा दुसऱ्या गावाला गेली. पोलिसांनी टेक्लाला दोनदा बोलावून सोडून दिलं. गावातल्या तीन घरांनी तिला दार उघडणं बंद केलं. बाकीच्यांना तिच्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्रोफिमची मुलगी आली, दफन झालं, आणि टेक्लाशी एक अक्षर न बोलता ती निघून गेली.

एप्रिलमध्ये टेक्ला पिशवी घेऊन केंद्रात आली. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"ताई, तो आकडा मला समजावून सांगा."

अगाफियानं कागद घेतला. साखर चढते तेव्हा काय होतं, उतरते तेव्हा काय होतं, चारच्या खाली आकडा दिसला तर सुईला हात लावायचा नाही, सुईनं साखर आणखी उतरते, आधी गोड पाजायचं, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. टेक्लानं ऐकलं आणि सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. एकही चूक नाही.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचं अगाफियानं टाळलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नसावीत.

"मी निघाले शनिवारी," टेक्ला म्हणाली. "स्नेझानानं काम बघितलंय माझ्यासाठी. म्हातारीच आहे एक. तिलाही साखर आहे, म्हणून विचारलं."

"आणि सेआकात?"

"तिथं आता कोण राहिलंय, ताई?" तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि ती बस गाठायला गेली.

रविवारी अगाफिया पिशवी घेऊन सेआकाला गेली. वहीतल्या पहिल्या नावाचं दार तिनं ठोठावलं. आतून म्हातारीचा आवाज आला, "टेक्ला, आलीस का गं?"

"नाही आजी, मी अगाफिया. केंद्रातून आलेय."

दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकलून ती आत गेली. शेगडी थंडगार पडली होती. अगाफियानं पिशवी खाली ठेवली आणि लाकडं कुठं असतात ते विचारलं.