साक्ष दिल्यानंतर

आमदारांना लाच देण्याचा कट कोर्टात सिद्ध झाला. बिल्डर आणि दोन आमदारांना शिक्षा झाली. सरकारी वकील नंदिनी सबनीस यांचं खूप कौतुक झालं. खटला मात्र उभा होता बिल्डरच्या ड्रायव्हरच्या, गोटीरामच्या साक्षीवर. दोन महिन्यांनी त्या बोनकोड्याला त्याच्या घरी गेल्या. त्याला कोणी कामावर ठेवत नव्हतं. एक आमदार नात्यातला, म्हणून भावकीनेही बोलणं टाकलं होतं.

"खरं बोललो त्याचा पस्तावा नाय, मॅडम," तो म्हणाला. "पन तुमी म्हनालेल्या, एकटं सोडनार नाय. मी चारदा फोन केला."

नंदिनीताईंनी ते फोन पाहिले होते, उचलले नव्हते.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

गोटीरामने मान हलवली, पण बसा म्हणाला नाही.