कडू अंगठा

"रडू देऊ नका हो ताई, ओठ बघा किती निळे पडलेत," सिस्टर म्हणाली.

सांगणं सोपं होतं. सात महिन्यांच्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन दोन वाजता होतं. तोवर दूध बंद. डाव्या हाताला सलाईनची पट्टी. उजवा अंगठा मोकळा होता, पण तो तोंडात जाताच बाळ तोंड वेडंवाकडं करून किंचाळत होतं.

त्या अंगठ्याला कडू औषध होतं. आईनंच लावलेलं. आठवडाभर रोज, आणि आज निघतानाही, सवयीनं.

"चोखणी दे ना, वहिनी. एवढी आणलीय मी."

"थुंकतोय तो, वन्सं. दिसत नाही का?"

"मी चांगल्यासाठीच सांगितलं होतं," नणंदेचा आवाज बसला. "अंगठ्यानं दात पुढे येतात. चोखणी निदान फेकून देता येते."

"दात यायला आधी तो..." पुढचं आईला बोलवेना.

लॉन्ड्रीत ती अकरा वर्षं डाग काढायच्या टेबलावर होती. शाई, गंज, रक्त, कशाला काय लागतं ते तोंडपाठ. तिनं बाळाला बेसिनपाशी नेलं. साबण लावला, कोमट पाणी घेतलं. अंगठा लालबुंद झाला. चाखून पाहिला. कडूच! घासू नका, घासलं की आत मुरतं, असं ती गिऱ्हाइकांना बजावायची.

तिनं तो इवलासा अंगठा स्वतःच्या तोंडात घातला. चोखला, थुंकली, परत चोखला.

"अहो, काय करताय?" सिस्टर पुढे आली, आणि बाळाचे ओठ पाहून थांबली.

रडण्याचा आवाज चिरकत चालला होता. आईचं तोंड घशापर्यंत कडू झालं होतं. आता अंगठा कडू की आपली जीभ, तिला कळेना.

"वन्सं, तुम्ही चाखा."

नणंदेनं चाखला. थोडा वेळ डोळे मिटले.

"गेलं गं."

बाळानं अंगठा तोंडात घेतला. थबकलं. मग एकदा ओढलं, पुन्हा ओढलं. खांदे हळूहळू सैल झाले.

दोन वाजता त्याला तसंच आत नेलं, अंगठा तोंडात ठेवून. दार लागलं. नणंदेच्या मुठीत चोखणी तशीच होती.

सिस्टरनं पाण्याचा ग्लास पुढे केला. "चूळ भरा, ताई."

आईनं नकारार्थी मान हलवली, आणि ओठ घट्ट मिटून दाराकडे बघत बसली.