मला दिसलेले रक्त

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे टमरेल आहे. नाक मुरडू नका. संडासाच्या दारात बसून मला जे कळते, ते देवघरातल्या तांब्याला जन्मात कळायचे नाही.

माझा जन्म पेणजवळच्या जोहे गावचा. गणपतीच्या कारखान्यातला रंगाचा रिकामा डबा मोरूआजोबांनी कापला, त्याला कान जोडला आणि मला कामाला लावले. पुढे त्यांच्या शौचातून रक्त पडू लागले. दिवसभर बसून मूर्ती रंगवणाऱ्याला मूळव्याध व्हायचीच, असे सगळेच समजत. आजोबा चाळिशीतच गेले.

मग त्यांचा मुलगा विलास. तेच रक्त, मूळव्याधीवर तेच ताक आणि तेच सुरण. "गणपती गेले की दाखवतो," म्हणत त्याने हंगामामागून हंगाम काढले. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, की ही मूळव्याध नव्हेच. आतड्यात शेकडो बारीक गाठी आहेत आणि एकीचा कॅन्सर झाला आहे. हा दोष बापाकडून रक्तात आलेला, तेव्हा दोन्ही मुलींना तपासा.

विलासने हे बायकोला, शिल्पाला, माझ्याशेजारच्या नळावर सांगितले. "कुणाला बोलू नको. गावात कळलं तर पोरींना कोण करील गो?"

शिल्पा बोलली नाही. विलास गेला, तरीही नाही.

पाहुणे आले की मला लाकडांमागे लपवत आणि गुलाबी प्लास्टिकचा मग पुढे करत. थोरल्या प्रणिताला पाहायला रोह्याजवळच्या वरसे गावाहून माणसे आली, तेव्हाही मी लाकडांमागेच होते. प्रणिता मागल्या दारी आली आणि आईला हळूच म्हणाली, "आये, मलाबी रगत पडतंय. बाबांसारखं."

शिल्पाने आधी दाराकडे पाहिले. "गप गो. लगीन होऊ दे, मंग दाखवू."

लग्न झाले. मग दाखवले, तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. वर्ष सरायच्या आत प्रणिता गेली. मला तोंड असते, तर मी त्या दिवशी पाहुण्यांसमोर बोंब ठोकली असती.

यंदा ऐन श्रावणात शिल्पाने कारखान्याला कुलूप लावले. आत मूर्ती डोळ्यांच्या आखणीवाचून बसल्या होत्या. शेजारची धोंडुबाई म्हणाली, "अगो, गणपती तरी होऊ देत. धाकट्या स्वप्नालीला तर काय होत नाय!"

"व्हय, म्हणूनच नेते," शिल्पा म्हणाली आणि तिचा हात धरून मुंबईच्या एसटीकडे निघाली.

तपासणीत दोष स्वप्नालीतही निघाला. गाठी आहेत, पण अजून साध्या आहेत. दहावीच्या वर्षात तिचे मोठे आतडे काढून टाकणार आहेत. पोर रोज नळावर येऊन रडते. पण ती वाचेल, असे डॉक्टर म्हणतात.

मित्रांनो, माझा पत्रा गंजला आहे, मी आज ना उद्या भंगारात जाईन. शौचात रक्त दिसले तर लाजू नका, घरात सांगा. घरच्यांनी "मंग बघू" म्हटले तर शाळेत बाईंना सांगा, शेजारी सांगा. आणि मोठे व्हाल तेव्हा सांगणाऱ्याचे ऐका. प्रणिताने सांगितले होते.